लाल पेटीतील मते
मुलुंडच्या पाच रस्त्यावर बशीतल्या चहावर फुंकर घालीत, नव्वदीला टेकलेल्या एका गिरणी कारकुनाने, डावा पुढारी सार्वत्रिक निवडणूक जिंकू शकतो काय, असा सवाल टाकला, तेव्हा १९५७ साली मध्य मुंबईतून लोकसभेवर गेलेल्या कॉम्रेड डांग्यांचे मला प्रथम स्मरण झाले. मात्र त्यांच्या पेटीतली मते मार्क्सची किती आणि संयुक्त महाराष्ट्राची किती, याचा पंचनामा कोणी केला नाही. उलट आमच्या ईशान्य मुंबईत १९६७ साली, काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यामुळे अपक्ष उभे राहिलेले कृष्ण मेनन (विद्वान खरे, पण तितकेच तुसडे) प्रथम स. गो. बर्व्यांकडून आणि बर्व्यांच्या आकस्मिक निधनानंतर त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांच्याकडून पराभूत झाले. म्हाताऱ्याने बशी रिकामी केली. “तेव्हा लालबागेत राहायचो, डांग्यांनाच दिले मत,” तो म्हणाला, “बेळगावासाठी.”