शनिवारचं गाव

दोस्तांनो, शनिवार आला की तुमच्या डोक्यात काय येतं? क्रिकेट, टीव्ही, नाहीतर मामाकडे जायचा हट्ट. आज मी तुम्हाला अशा मुलांकडे नेणार आहे, जी सोमवारपासून शनिवारच्या संध्याकाळची वाट बघायची. ठिकाण अमेरिकेतलं आयोवा राज्य. काळ, १९२९ नंतरच्या महामंदीचा.

महामंदी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पाठोपाठ बँका बुडाल्या, कारखाने थंडावले. १९३३ साली अमेरिकेत साधारण चार कामगारांमागे एक बेकार होता. आयोवा हा मक्याचा मुलूख. तिथे मक्याचा भाव इतका घसरला, की कोळसा विकत आणण्यापेक्षा काही शेतकऱ्यांनी मकाच शेगडीत जाळला!

अशा दिवसांत करमणूक कसली, असं तुम्ही म्हणाल. पण शनिवारी गावात गेल्याशिवाय चालायचंच नाही, कारण बाजार करायचा असे. घरच्या बाईने आठवडाभर जमवलेली अंडी आणि दुधावरची साय मोटारीत ठेवायची, गावात विकायची आणि त्याच पैशांत साखर, कॉफी, रॉकेल घ्यायचं. आपल्या आठवडी बाजारासारखंच की! अंड्यांना डझनामागे पंधरा सेंट मिळायची मारामार. सगळं घेऊन काही उरलं, तर पोराच्या हातावर एक ‘डाइम’ पडायचा, म्हणजे दहा सेंटचं नाणं.

डाइममध्ये काय यायचं? लहान मुलांचं सिनेमाचं तिकीट! तिथे मोठ्या चित्रपटाआधी एखाद्या मालिकेचा एक भाग दाखवत. १९३६ साली आलेली ‘फ्लॅश गॉर्डन’ तेरा भागांची होती. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक हमखास मरणाच्या दारात. म्हणजे पुढच्या शनिवारी यायलाच हवं. एखाद्या आठवड्यात अंडी कमी झाली की संपलं. मग ज्याने सिनेमा पाहिलाय, त्याच्या मागे मागे फिरून गोष्ट ऐकायची!

थिएटरवालेही काही कमी नव्हते. मंदीत खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा त्यांनी तिकिटावर बशा वाटायला सुरुवात केली. आज एक बशी, पुढच्या आठवड्यात कप. पूर्ण संच हवा असेल तर महिनोन्‌महिने सिनेमाला या. अंधारात कुणाच्या मांडीवरून बशी निसटली की खळ्ळकन आवाज आणि सगळ्या थिएटरात हशा.

आणि डाइमच नसेल तर? बऱ्याच लहान गावांत दुकानदार वर्गणी काढून उन्हाळ्यात फुकट सिनेमा दाखवत. एखाद्या इमारतीच्या भिंतीवर नाहीतर मोकळ्या जागेत पडदा लावायचा. लोक फळ्या, पेट्या, गोधड्या घेऊन बसायचे. दुकानदारांनाही फायदा, आलेली माणसं चार वस्तू घेऊन जात. त्या वेळी अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती, त्यामुळे दिव्यांनी उजळलेला रस्ता हाच मुळात एक तमाशा. काही जण तर सकाळीच मोटार मुख्य रस्त्यावर मोक्याच्या जागी लावून ठेवत आणि संध्याकाळी तिच्यातच बसून येणारी-जाणारी माणसं बघत. मला तर ही करमणूक सगळ्यात आवडली. खर्च शून्य!

बँडचीही एक गंमत आहे. आयोवात १९२१ साली एक कायदा झाला होता. गावाने मतदान करून ठरवलं, तर बँडसाठी छोटासा कर घेता येई. आहे की नाही मजेदार कायदा? त्यामुळे मंदीतही कितीतरी गावांच्या चौकात संध्याकाळी वाजंत्री चालू राहिली.

सगळंच छान होतं असं मात्र समजू नका. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना त्याच सिनेमासाठी वेगळ्या दाराने वर गॅलरीत जावं लागे. काही थिएटरांत तर प्रवेशच नसे.

आता एक शेवटची गोष्ट. शनिवारी मोटारीला टेकून ही माणसं गप्पा मारत, तेव्हा कुणाचं कर्ज थकलंय, कुणाच्या शेतावर जप्ती येणार, हेही सगळ्यांना कळे. लिलावाच्या दिवशी मग शेजारी गर्दी करत. गाईला बोली किती? काही सेंट! नांगराला? एक सेंट! बाहेरचा कुणी जास्त बोली लावू लागला, की सगळे त्याच्याकडे असे रोखून बघत, की तो गप्प बसे. लिलाव संपला की सगळं सामान मूळ मालकाला परत. याला ‘पेनी लिलाव’ म्हणत. अशा लिलावांनी आणि शेतकऱ्यांच्या आंदोलनांनी सरकारवर इतका दबाव आला, की फेब्रुवारी १९३३ मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने शेतजप्त्या लांबणीवर टाकणारा कायदा केला.