मातीचा अभिमान, गादीचं वावडं

शनिवारी सोनाळ्याला घरी होतो. पारावर पुन्हा तेच ऐकलं, "मातीतली कुस्तीच खरी. गादीवर काय, नुसता गुणांचा हिशोब!"

च्यायला, हिशोब तर आहेच. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, नुसतं रिंगणाबाहेर ढकललं तरी एक गुण. चितपट होईपर्यंत झुंजायची सवय असलेला आपला पठ्ठ्या अंदाज घेता घेताच हरतो. पण यात मातीचा काय दोष? पकड, मानेची ताकद, ढाक, कलाजंग... सगळं तिथूनच येतं. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे तालमीतच घडला, आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गादीवर सुवर्ण जिंकला.

खाशाबा जाधवांचं नाव सगळेच घेतात, पण अर्धंच. १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले, तेव्हा गादीची सवय नव्हती. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. त्यानंतर आजवर एकाही मराठी मल्लाला ऑलिंपिक पदक नाही. (आणि आम्ही वारशाच्या गप्पा मारतो!)

जत्रेतल्या दंगलीच्या इनामाला वर्गणी निघते ना? मग त्यातूनच तालमीला एक गादी घ्या. पोरं सकाळी मातीत, संध्याकाळी गादीवर.

पहिली पावती माझ्या नावाने फाडा.