घर वडिलांचे, हप्ता थोरल्याचा, वाटा सर्वांचा

भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथे ज्यांच्या घरातच माग चालतात, त्यांचे घर आणि धंदा वेगळे करता येत नाहीत. सूत भरायचे आहे, माग बदलायचा आहे, मुलीचे लग्न काढले आहे, की घराचे कागद बँकेत किंवा पतसंस्थेत जातात. वडील आहेत तोवर हप्ता कसाबसा जातो. ते गेले की प्रश्न उभा राहतो: घर कोणाचे आणि कर्ज कोणाचे?

आमच्याकडे याचे उत्तर ठरलेले आहे. धंदा सांभाळणारा थोरला हप्ते भरतो, चार-पाच वर्षांत कर्ज फिटते आणि मग तो म्हणतो, "घर मी सोडवले, घर माझे." बहिणी सासरी असतात, गप्प बसतात. त्या गप्प बसण्याला आपण संमती समजतो. आम्हाला हे मान्य नाही.

सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना ते वसीयत आणि कर्ज भागविल्यानंतरचे आहेत, हे एकदा नव्हे अनेकदा सांगितले आहे. म्हणजे कर्जाचा भार सर्व मालमत्तेवर आहे. ते एकाने फेडले म्हणून दुसऱ्याचा हिस्सा बुडत नाही. देशाचा कायदाही येथे वेगळे सांगत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एका सहमालकाने गहाण सोडविले, तर इतरांकडून त्यांच्या वाट्याची रक्कम वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. त्यांच्या वाट्याची मालकी मिळत नाही.

हिशेबच करून पाहू. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. घराची किंमत 24 लाख, कर्ज बाकी 4 लाख 80 हजार. घराचे 48 भाग केले तर आईचे 6, प्रत्येक मुलाचे 14, प्रत्येक मुलीचे 7. कर्जही त्याच प्रमाणात: आईकडे 60 हजार, मुलाकडे 1 लाख 40 हजार, मुलीकडे 70 हजार. थोरल्याने सगळे कर्ज फेडले, तर बहिणीकडून त्याचे येणे 70 हजार. तिचा वाटा मात्र साडेतीन लाखांचा. सत्तर हजारांच्या बदल्यात साडेतीन लाख, हा कोणत्या बाजारातला सौदा? लग्नात दिले होते, असे म्हणणाऱ्यांनी ते वारसा म्हणून दिले होते काय, याचा विचार करावा.

थोरल्यावरही अन्याय होऊ नये. त्याने हप्ते आपल्या नावाच्या खात्यातून भरावेत, पावत्या जपाव्यात. घर स्वतःकडे ठेवायचे असेल तर आई-भाऊ-बहिणींना त्यांच्या वाट्याची किंमत द्यावी आणि रीतसर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून घ्यावे. वडील हयात असताना बहिणीची सही घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो साधारणपणे सोडता येत नाही.

वडिलांच्या निधनानंतर बँकेला लगेच कळवावे आणि कर्जावर विमा उतरवला होता काय ते आधी विचारावे. कित्येकांना तो असतो हेच माहीत नसते. भावा-बहिणींचा वाद मिटेपर्यंत हप्ता थांबवणे सर्वांत महाग पडते. 90 दिवस थकले की कर्ज बुडीत वर्गात जाते, आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन बँक कोर्टाची पायरी न चढता घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. कोणाचा वाटा किती, हे ती पाहत नाही. सबंध घर जाते.

राहिला व्याजाचा प्रश्न. बापाने घेतलेले कर्ज मुलाने आणखी पंधरा वर्षे ओढत नेण्यापेक्षा एखादा माग किंवा दागिना विकून ते लवकर संपवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळाले पाहिजेत. 1 डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. कागद हाती आले की थोरल्याने ते पेटीत कुलूपबंद करण्याआधी त्यांच्या झेरॉक्स बहिणींकडे पोचवाव्यात.