डोंगर, चातुर्मास आणि आपण सासवा



आज आधी एक कबुली देते आणि मग एक विनंती करते.

गेल्या वर्षी चातुर्मास बसला त्याच आठवड्यातली गोष्ट. सूनबाई ओटा पुसता पुसता म्हणाली, "मम्मीजी, रविवारी दुकान बंद असतं. आम्ही दोघं छोटीला घेऊन भंडारदऱ्याला जाऊन येऊ का? सकाळी लवकर निघू." नात तेव्हा चार वर्षांची. मी हातातली कणीक मळत लगेच बोलून गेले, "अगं, चातुर्मास बसलाय. एवढ्या हिरव्यागार गवतात कुठे पाय टाकणार? किती जीव असतात!" ती "बरं" म्हणाली आणि फडकं धुवायला गेली. पुन्हा विषय काढला नाही.

त्याच चातुर्मासात आम्ही बायका बस करून दोन गावी महाराजसाहेबांच्या दर्शनाला जाऊन आलो. पहिल्या खेपेला परतताना रस्त्याकडेच्या गवतात उतरून आम्ही सगळ्यांनी डबे सोडले. तेव्हा मला सूनबाईचे ते "बरं" आठवले आणि घास गोड लागला नाही. जीवदयेचे कारण मी सांगितले ते खोटे नव्हते. पण माझ्या मनातले खरे कारण वेगळे होते. "दोघंच कशाला जायचं?" हे ते कारण. सगळ्या घराने मिळून जायचे असते तर मी चातुर्मास एवढ्या झटकन पुढे केला नसता.

आता माझे सांगते. १९८३ साली बी.कॉम.ची परीक्षा दिली आणि त्याच वर्षी लग्न होऊन राहुरीला आले. घरात अकरा माणसे, खाली दुकान, वर संसार. एकदाच, मुले पाच आणि तीन वर्षांची असताना, आमचे हे म्हणाले, "चल, डोंगरगणला जाऊ." स्कूटरवर चौघे बसलो. पुढे थोरला उभा, मधे मी धाकटीला धरून. वांबोरीवरून घाट चढताना स्कूटर दमली, तेव्हा मी आणि थोरला उतरून चालत गेलो. खाली दरीत रामेश्वराचे मंदिर, झरा, मोठमोठी झाडे. मुलांनी दोन तास पाण्यात पाय सोडून काढले. आम्ही दोघे दगडावर बसून काय बोललो ते आता आठवत नाही, पण दुकान आणि देणी-घेणी सोडून बोललो एवढे नक्की.

संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई म्हणाल्या, "आले का राजाराणी फिरून?" रागावून नाही, हसूनच म्हणाल्या. पण सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यानंतर ना यांनी विचारले, ना मी. मुले मोठी झाली की जाऊ, दुकान मुलाच्या हाती दिले की जाऊ, असे करता करता आता वेळ आहे तर यांचे दोन्ही गुडघे गेले आहेत. चाळीस वर्षांहून जास्त संसारात डोंगरावरचा एक दिवस, एवढीच आमची जमा.

म्हणून माझे पहिले मत सरळ लिहिते. लहान मूल असलेल्या नवरा-बायकोने महिन्या-दोन महिन्यांतून एक दिवस डोंगरावर चालायला जावे आणि आपण सासवांनी त्यांना जाऊ द्यावे. त्यांच्यासोबत नणंदेची मुले, शेजारची काकी आणि पाच डब्यांचा स्वयंपाक लावून देऊ नये. यात्रा वेगळी, हा दिवस वेगळा. घरात दिवसभर आपल्या मुलाला आणि सुनेला एकमेकांशी सलग अर्धा तास तरी बोलायला मिळते का, हे आपण प्रामाणिकपणे मोजून पाहावे.

दुसरे मत ऋतूबद्दल आहे आणि इथे मी सूनबाईच्या नाही, चातुर्मासाच्या बाजूने आहे. हल्ली डोंगर म्हणजे पावसाळा असेच झाले आहे. पहिला पाऊस पडला की सगळा महाराष्ट्र धबधब्याखाली. आपल्या साधू-साध्वींनी चार महिने विहार थांबवायचा तो या दिवसांत जमीन जिवांनी भरलेली असते म्हणून. पालीताण्याची शत्रुंजयाची यात्रासुद्धा चातुर्मासात बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला सुरू होते. हे सगळे जिवांसाठी. पण यात आपल्या लेकरांचाही जीव येतोच. जून २०२४ च्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुले होती. पाणी काही क्षणांत वाढले आणि त्यांना हलताच आले नाही. शेवाळलेला दगड, धुके, मागून ढकलणारी गर्दी, यात चार वर्षांचे मूल नेणे हे धाडस नव्हे, चूक आहे.

भंडारदऱ्याच्या काजव्यांचेही तसेच. पावसाच्या तोंडावर तिथे झाडे काजव्यांनी लखलखतात आणि ते पाहायला गाड्यांची रांग लागते. काजव्याचा नर आणि मादी एकमेकांना त्या उजेडावरून शोधतात. आपण गाडीचे दिवे आणि मोबाईलचे फ्लॅश मारत तिथे उभे राहिलो तर त्यांनी एकमेकांना शोधायचे कसे?

पण थांबायचे म्हणजे कायमचे घरी बसायचे असे नाही. कार्तिकी पौर्णिमेपासून माघापर्यंत आपल्या नगर जिल्ह्यात चालायला फार छान दिवस असतात. आपला भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळे चिखल लवकर वाळतो, गवत पिवळे होते, हवा गार असते. सूनबाईला त्या दिवशी "नको" म्हणण्याऐवजी मी "कार्तिकी पौर्णिमेनंतर जा" म्हणायला हवे होते.

आता कुठे जायचे? लांब जायची गरजच नाही.

अगदी लहान मुलांसाठी डोंगरगण. राहुरीहून वांबोरी आणि मग घाट. इंग्रजांनी या दरीला हॅपी व्हॅली नाव दिले होते. मंदिराकडे उतरायला थोड्या पायऱ्या आहेत, सावली आहे. पुढे जवळच मांजरसुंबा गड आहे. चढ फार नाही, वरती जुन्या महालाचे अवशेष आणि पाण्याचे टाके आहे. टाक्याच्या काठाशी मात्र मुलाचा हात सोडायचा नाही.

दुसरी जागा नगरजवळचा चांदबीबीचा महाल. खरे तर ती सलाबतखानाची कबर आहे, अष्टकोनी, तीन मजली. पाथर्डी रस्त्यावर डोंगराच्या माथ्यावर आहे. गाडी वरपर्यंत जाते, पण गाडी खाली लावा आणि चालत वर जा. मुलाला "आपण डोंगर चढलो" असे वाटायला तेवढे पुरते.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अनकाई-टंकाई. आपल्या राहुरी स्टेशनवरून जाणाऱ्या दौंड-मनमाड लोहमार्गावरच, येवल्याच्या पुढे आणि मनमाडच्या अलीकडे हे जोडकिल्ले आहेत. अनकाई गावाच्या वरच्या अंगाला जैन लेणी आहेत, साधारण नऊशे-हजार वर्षांपूर्वीची. दोन मजली लेणी, इंद्र आणि अंबिकेच्या मूर्ती, तीर्थंकरांच्या मूर्ती, छतात कोरलेले कमळ. गावातून लेण्यांपर्यंत लहान मूलसुद्धा रमतगमत अर्ध्या तासात पोहोचते. आपण पालीताण्याला, शिखरजीला जायला आधीपासून तिकिटे काढतो. मनमाडला जाताना ही लेणी गाडीच्या खिडकीतून किती वेळा मागे पडली असतील, पण माझ्या ओळखीतल्या वीस घरांपैकी दोनच घरांनी ती पाहिली आहेत. लेण्यांच्या वर अनकाईचा किल्ला आहे. तिथे कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजे आणि अगस्ती ऋषींचे स्थान आहे. तेवढे चढायचे असेल तर मूल थोडे मोठे होऊ द्या.

आणि कळसूबाई? १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर, तेही आपल्याच जिल्ह्यात. पण त्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तिथे दोघांनी जावे आणि मूल आजीजवळ ठेवावे. एक दिवस नात सांभाळणे हे काही आपल्याला जड नाही.

चालायचे कसे, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. साध्वीजींच्या विहारात आपण पहाटे पुढच्या गावापर्यंत सोबत जातो, तेव्हा त्या कशा चालतात ते आठवा. नजर पुढच्या साडेतीन-चार हात जमिनीवर, बोलणे कमी, घाई नाही. ईर्यासमिती म्हणतात ती हीच. डोंगरावर पाय मुरगळू नये म्हणून जाणकार जे सांगतात तेही हेच. मुलाला सांगा, "मुंगी दिसली की थांब." मूल आपोआप सावकाश चालते आणि पडत नाही.

चौविहाराचाही इथे उपयोग. सूर्यास्ताआधी घरी पोहोचून जेवायचे म्हटले की दुपारी तीनला डोंगर उतरावाच लागतो. आपल्या राहुरीच्या उसात बिबटे किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. अंधारात लहान मूल घेऊन रानवाटेला असूच नये.

डब्यात थेपले, खाकरा, मुरमुऱ्याचा चिवडा, खजूर. उकळून गार केलेले पाणी घरूनच, माणशी दोन लिटर. शत्रुंजयावर कोणी खात नाही, ती तीर्थाची मर्यादा. इतर डोंगरांवर खाल्ले तरी दाणासुद्धा सांडू नका. सांडलेल्यावर मुंग्या येतात आणि मागून येणाऱ्याच्या पायाखाली जातात. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर लावून जाऊ नये, दगड मारू नये, धूर करू नये. बायकांसाठी एक सांगते: वर स्वच्छतागृह नसते, तेव्हा शेवटच्या मोठ्या गावात थांबून घ्यावे. पाणी कमी पिऊन निभावू नये, चक्कर येते.

आणि मूल "कडेवर घे" म्हणाले तर दोनदा घ्या, तिसऱ्यांदा मागे फिरा. शिखर गाठलेच पाहिजे असे काही नाही.

एक मैत्रीण म्हणाली, "तुम्ही डोंगरावर फिरायला जा म्हणता, आणि शिखरजीसाठी तर आपण दुकाने बंद ठेवली होती." प्रश्न बरोबर आहे. सम्मेद शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून आपला समाज रस्त्यावर आला आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिथले पर्यटन थांबवले. मीही मोर्चात होते. जिथे वीस तीर्थंकर मोक्षाला गेले ती जागा सहलीची नाहीच. पण आपल्या तीर्थाची मर्यादा लोकांनी पाळावी असे म्हणायचे असेल तर दुसऱ्याच्या डोंगरावर आपण कसे वागतो हेही पाहावे लागते. रामेश्वर कोणाचे तरी देवस्थान आहे, चांदबीबीचा महाल कोणाची तरी कबर आहे. आपण पाहुणे म्हणून जायचे. आणि ही वागणूक मुलांना शिकवायची तर चार वर्षांच्या वयात, हात धरून, तिथे नेऊनच शिकवता येते.

कॉमर्सची असल्याने हिशेबही लिहून ठेवला आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सगळे पुण्याच्या मॉलमध्ये गेलो, जेवण, खेळ, खरेदी मिळून ४,६०० रुपये झाले आणि येताना नात रडतच झोपली. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी ते तिघे अनकाईला जाऊन आले, त्याचा खर्च ९४० रुपये, त्यात बराचसा पेट्रोलचा. त्या दिवशी मी स्वतः पहाटे उठून डबा केला. सूनबाई नको म्हणत होती, मी ऐकले नाही. सूर्यास्ताला पाऊण तास असताना ते परत आले. सूनबाईचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि ती कुठल्याशा गोष्टीवर मुलासोबत हसत जिना चढत होती. माझ्या जिभेवर सासूबाईंचेच वाक्य आले होते, खोटे कशाला सांगू. ते गिळले आणि म्हणाले, "हातपाय धुवा, खिचडी तयार आहे." नात यांना सांगत होती, "दादाजी, भगवान डोंगराच्या आत राहतात."

माघात आम्ही पाचही जण डोंगरगणला गेलो. हे पायऱ्या उतरू शकले नाहीत, वरच सावलीत खुर्ची टाकून बसले. खाली जाऊन आले तेव्हा म्हणाले, "तो दगड आहे का गं अजून?" मी हो म्हणाले. खरे तर तो नक्की कोणता ते मला ओळखू आले नव्हते.

तर मैत्रिणींनो, विनंती एवढीच. येत्या कार्तिकी पौर्णिमेनंतरचा एक रविवार कॅलेंडरवर खूण करा आणि सुनेने विचारायची वाट न पाहता तुम्हीच तिला सांगा, "जाऊन या." ती परत आली की काय म्हणायचे नाही, ते तुम्हाला मी सांगितलेच आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडम.