बांबूच्या बनातला उजेड

‘अ टच ऑफ झेन’ या तैवानी चित्रपटात पहिली खरी लढाई होते ती जवळजवळ तासाभराने. तोवर कोळिष्टकं दिसतात, ओसाड पडलेला किल्ला दिसतो, माणसापेक्षा उंच वाढलेलं गवत दिसतं. गू नावाचा एक गरीब, शिकलेला माणूस गावात छोटंसं दुकान टाकून लोकांची चित्रं काढतो, पत्रं लिहून देतो. त्याची आई रोज त्याच्यामागे लागते. तिशी आली, सरकारी परीक्षेला बसत नाहीस, लग्नाचं नाव काढत नाहीस! ही आई ओळखायला मराठी प्रेक्षकाला क्षणभरही लागत नाही. मग शेजारच्या पडक्या वाड्यात एक तरुणी राहायला येते आणि हळूहळू कळतं, की राजदरबारातल्या बलाढ्य खोजाच्या हेरखात्याने जिच्या बापाला हाल करून मारलं ती ही, आणि आता तिच्याही जिवावर माणसं उठली आहेत. काळ मिंग राजवटीचा. कथेचं बीज पु सोंगलिंग या जुन्या चिनी लेखकाच्या एका छोट्या गोष्टीतलं.

दिग्दर्शक किंग हू. जन्म बीजिंगचा, तरुणपणी हाँगकाँगला आला आणि तिथेच चित्रपटात शिरला. 1966 मध्ये त्याने शॉ ब्रदर्स या चित्रपटसंस्थेसाठी ‘कम ड्रिंक विथ मी’ केला, मग तैवानला जाऊन 1967 मध्ये ‘ड्रॅगन इन’. तो तुफान चालला. त्या यशाच्या बळावर त्याने ‘अ टच ऑफ झेन’ हाती घेतला आणि त्यात काही वर्षं घातली. निर्मात्यांनी तो तैवानमध्ये दोन भागांत तोडून दाखवला, आणि तो पडला. 1975 मध्ये तीन तासांची सलग प्रत कान महोत्सवात गेली आणि तिला तांत्रिक कामगिरीचं मोठं पारितोषिक मिळालं. मारामारीच्या चिनी चित्रपटाकडे युरोपाने इतक्या गंभीरपणे पाहावं, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

आपल्याकडे कुंग फू म्हटलं की ब्रूस ली, आणि त्यात वावगं काही नाही. पण ब्रूस लीच्या ‘द बिग बॉस’मध्ये खलनायक झालेला आणि त्यातल्या मारामाऱ्या बसवणारा हान यिंग-च्ये हाच किंग हूचा मारामारी-दिग्दर्शक, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो बीजिंग ऑपेराच्या तालमीत घडलेला. किंग हूलाही ऑपेराचं वेड. म्हणून त्याच्या लढाया तालावर चालतात: पावलं, थांबणं, एक नजर, झांजेचा ठोका, आणि मग एकदम स्फोट.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर, तीही कॅसेटवरून कॅसेट उतरवलेली. चित्राच्या दोन्ही बाजू कापलेल्या, कारण रुंद पडद्याचा चित्रपट चौकोनी टीव्हीत बसवायचा होता. रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसता काळोख, आणि या चित्रपटात रात्री पुष्कळ आहेत. उपशीर्षकांची पांढरी अक्षरं पांढऱ्या आकाशावर विरघळून जायची. कोण कुठून आला, कुणाला लागलं, काही उमगत नसे. किंग हूबद्दल पुस्तकांत जे वाचलं होतं आणि पडद्यावर जे दिसत होतं, त्यांचा मेळच लागत नव्हता.

नव्या प्रतीने हा मेळ लावून दिला. 2014 मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत मूळ 35 मिलिमीटर निगेटिव्हवरून चित्रपट 4के दर्जात उतरवला गेला. 2015 मध्ये तो पुन्हा कानमध्ये, अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवला गेला, आणि 2016 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत त्याच्या ब्लू-रे डिस्क आल्या.

चित्रपट इथे चमकवला गेला, एवढंच सांगून थांबता येत नाही. किंग हूच्या संकलनाची पद्धत समजून घेतली तर कळतं, की या चित्रपटाचा अर्थच चित्राच्या स्पष्टतेवर उभा आहे. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकी अभ्यासकाने त्यावर सुंदर लिहिलं आहे. किंग हू आपल्याला उडी संपूर्ण दाखवतच नाही, ओझरती दाखवतो. बांबूच्या बनातली ती प्रसिद्ध लढाई घ्या. नायिका यांग बांबूंवर पाय देत वर जाते आणि तलवार पुढे करून उभ्याच्या उभी खाली झेपावते. हे सगळं अतिशय तोकड्या तुकड्यांचं बनलेलं आहे. काही तुकडे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नाहीत. वर जाणारं पाऊल, पानांतून गेलेली बाहीची कड, शत्रूची वर वळलेली मान, खाली येणारा देह. दोन तुकड्यांमधली जागा आपला डोळा भरून काढतो, आणि म्हणूनच ती बाई खरंच उडाली असं वाटतं. उड्या मारायला ट्रॅम्पोलिन होते. संगणक अर्थातच नव्हता.

आता सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात जे दिसायचं आहे तेच धूसर असेल, तर त्या तुकड्याचा उपयोग काय? कॅसेटवर तिथे हिरवट डाग दिसायचा. ब्लू-रेवर बांबूच्या पेरापेरावरचा प्रकाश दिसतो, तिरपे येणारे उन्हाचे पट्टे दिसतात, आणि त्या पट्ट्यांतून एक बाही सर्रकन जाते ती स्पष्ट दिसते. माझ्या मते हाच या पुनरुज्जीवनाचा सगळ्यात मोठा लाभ आहे. पुढे आंग लीने ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये बांबूवरची लढाई घेतली, ती याच प्रसंगाला वंदन म्हणून. ती देखणी आहे. पण तारांवर तरंगणाऱ्या तिच्या पात्रांपेक्षा किंग हूच्या या ओझरत्या तुकड्यांत मला जास्त थरार वाटतो.

दुसरा प्रसंग रात्रीचा. गूला तलवार धरता येत नाही, पण त्याने युद्धनीतीची पुस्तकं वाचली आहेत. किल्ल्यात भुतं आहेत अशी अफवा तो पसरवतो, बाहुल्या, घंटा, दोऱ्या लावून सापळे रचतो आणि चालून आलेल्या सैनिकांना भेदरवून सोडतो. अंधारात कापाकापी होते. सकाळी तो आपली करामत पाहायला निघतो. ही बाहुली, हा सापळा, हे असं फसलं! खदाखदा हसत, स्वतःवर खूश होत तो चालत राहतो. आणि मग त्याच्या नजरेस प्रेतं पडू लागतात. एक, दोन, मग सगळीकडे. हसू थांबतं. मारामारीच्या चित्रपटात विजयाची एवढी कठोर झाडाझडती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. जुन्या प्रतीत आदली रात्र दिसतच नव्हती. त्यामुळे सकाळचा धक्काही अर्धाच बसायचा. आता त्या काळ्या रंगात निळा आहे, राखाडी आहे, दगडाचा ओलसरपणा आहे. डोळे ताणून आपण ती रात्र त्या सैनिकांसारखीच काढतो, आणि सकाळी गूबरोबर आपणही सापडतो.

हे काम होतं कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यातली मेहनत बाहेरून दिसत नाही. तीन तासांचा चित्रपट म्हणजे सेकंदाला 24 या हिशेबाने अडीच लाखांहून जास्त चौकटी. आधी हाताने फिल्म दुरुस्त करायची: फाटलेली छिद्रं, सुटलेले सांधे. मग एकेक चौकट स्कॅन करायची. मग धूळ, ओरखडे, थरथर, उडालेले रंग. यातलं पुष्कळसं संगणक करतो. पण पडणारं पान आणि धुळीचा कण यांतला फरक शेवटी माणसालाच पाहावा लागतो. आणि मोह आवरावा लागतो. फिल्मचा मूळचा रवाळपणा पुसून टाकला की चेहरे मेणाचे होतात. अशा डिस्क बाजारात भरपूर आहेत. ‘अ टच ऑफ झेन’मध्ये तो रवाळपणा ठेवला आहे, आणि तो ठेवला म्हणूनच धुकं धुक्यासारखं दिसतं.

पैसा कुठून आला? त्यातला काही वाटा नायिकेने दिला. यांगचं काम करणारी शू फेंग किंग हूकडे आली तेव्हा किशोरवयात होती. पुढे ती निर्माती झाली. 1993 मध्ये कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ची निर्मिती तिची. किंग हू 1997 मध्ये गेला. आपल्याला घडवणाऱ्या माणसाचा चित्रपट नीट राहावा म्हणून तिने पदरचे पैसे घातले, याबद्दल मला तिच्याविषयी फार आदर वाटतो.

पण तिचे पैसे कामी आले ते मूळ निगेटिव्ह शिल्लक होती म्हणून. तैवानच्या चित्रपट संग्रहालयाने ती सांभाळली होती. याच बोलोन्याच्या प्रयोगशाळेने मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनबरोबर श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’वर काम केलं आणि तो 2024 मध्ये कानला दाखवला गेला, तिथेही मूळ निगेटिव्ह हाताशी होती. म्हणजे कसब उपलब्ध आहे, वाटही ठाऊक आहे. मराठीत मात्र पुष्कळ चित्रपटांची निगेटिव्ह कुठे आहे हे विचारायलाही कुणी उरलेलं नाही. 2003 मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. जे गेलं त्याला कुठलीच प्रयोगशाळा आणू शकत नाही.

म्हणून कोल्हापूर, पुणे, मुंबईतल्या जुन्या निर्माते-दिग्दर्शकांच्या, छायालेखकांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. माळ्यावर, गोदामात, बंद पडलेल्या ऑफिसात फिल्मचे डबे असतील तर ते भंगारात घालू नका, उन्हात ठेवू नका, उघडून हाताळूही नका. डब्यांवरची नावं लिहून काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला. आंबट वास येऊ लागला असेल तर फिल्म सडायला लागली आहे असं समजा आणि या आठवड्यातच बोला.