परवाना मुदतीचा, अपमान बिनमुदतीचा

सोनपेठसारख्या गावातून शिकून अमेरिकेला गेलेल्या आपल्या पोराचे आम्ही वस्तीत पेढे वाटतो. पण त्याच्या खिशातला कामाचा परवाना मुदतीचा असतो, हे कुणी विचारत नाही.

एच-वन-बी व्हिसा मुळात सहा वर्षांचा. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून भारतीयांची रांग दहा-दहा वर्षे हलत नाही. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. अशा वेळी वरचा भारतीय साहेब आडनाव चाचपून हिणवू लागला, तर तक्रार कोण करणार? जात तर विमानातून कधीच उतरली आहे! सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने मात्र त्याच वर्षी तसे विधेयक परत पाठवले.

बाबासाहेबांनाही १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडन सोडावे लागले. पण परतण्याची परवानगी हाती घेऊनच ते निघाले आणि १९२० मध्ये परत गेले.

आपल्या मुलांनीही कागदाला जागे राहावे. वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना बहुतांशी बंद झाली आहे. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो. तो त्याच आठवड्यात करावा. एच-वन-बी चालू असेल तर तोही सोडू नये. आणि ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज १८० दिवस पडून असेल, तर त्याच प्रकारच्या कामाची दुसरी नोकरी धरता येते. जातीयवादी साहेबाच्या हाताखालून निघण्याची ही कायदेशीर वाट आहे.