पापनिवेदन की चारित्र्याचा दाखला?

अमेरिकेतील यूटा राज्यात मॉर्मन पंथाचे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ आहे. तेथे नोकरी करणाऱ्या पंथीयास स्थानिक धर्माधिकाऱ्याची, म्हणजे बिशपची, अनुकूल शिफारस लागते. 2022 साली नव्या नोकरांकडून आणखी एक संमती घेतली जाऊ लागली. बिशपशी झालेल्या बोलण्याच्या गुप्ततेवरील हक्क आपण सोडीत आहोत, असे त्यांनी लिहून द्यावयाचे. या प्रकाराविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

धर्मसंस्थेने आपल्या नोकरांस आचारनियम घालावे, यास आमची हरकत नाही. मद्य निषिद्ध मानणाऱ्या पंथाने मद्यपी शिक्षक ठेवलाच पाहिजे, असा आग्रह कोण धरील? अमेरिकन कायदा तर याच्याही पुढे गेला आहे. याच पंथाच्या सॉल्ट लेक सिटीतील व्यायामशाळेच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या एका नोकरास, मंदिरप्रवेशाचे प्रमाणपत्र नाही म्हणून, सुमारे 16 वर्षांच्या सेवेनंतर काढून टाकण्यात आले. आणि 1987 साली तेथील सुप्रीम कोर्टाने पंथाच्या बाजूने निकाल दिला. इमारतीच्या देखभालीस पारमार्थिक योग्यता कशास लागते, हे आम्हांस उमगलेले नाही. पण तो वाद आज नको.

आमचा आक्षेप आहे तो पुरावा मिळविण्याच्या वाटेवर. मॉर्मन बिशप हा पगारी पुरोहित नव्हे. आपला व्यवसाय सांभाळून काही वर्षे विनावेतन हे काम करणारा तो शेजारचाच गृहस्थ असतो. संसार मोडू लागला, व्यसन सुटेना, श्रद्धा डळमळली की मनुष्य त्याच्या दारी जातो. आपला शब्द मालकाच्या कानी पडू शकेल हे ठाऊक असलेला, घरभाडे आणि मुलांच्या शाळेचा खर्च डोक्यावर असलेला प्राध्यापक तेथे कशास जाईल? निगरगट्टाचे काहीच बिघडत नाही, कारण तो मुळात कबुली देतच नाही. सापडतो तो सदसद्विवेकबुद्धी जागी असलेला! संमती स्वेच्छेची आहे, असे कोणी म्हणेल. परंतु नेमणुकीच्या कागदांबरोबर पुढे सारलेल्या पत्रावरील सहीस स्वेच्छा म्हणणे हे शब्दाशी खेळणे होय.

रोमन कॅथॉलिक चर्चने हा धोका ओळखला आहे. त्याच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार कबुलीत कळलेले पाप उघड करणे तर निषिद्धच. पण अधिकारपदावरील पुरोहिताने ती माहिती कारभारात वापरण्यासही मनाई आहे. धर्मशिक्षणालयाच्या प्रमुखाने तेथेच राहणाऱ्या विद्यार्थ्यांची कबुली, त्यांनी आपण होऊन विनंती केल्याखेरीज, ऐकू नये, असेही ती सांगते. ज्याच्या हाती दुसऱ्याचे भवितव्य, त्याच्या कानी त्याचे पाप पडू नये, हे शहाणपण त्यामागे आहे.

बालकांवरील अत्याचारासारखा गुन्हा गुप्ततेच्या पडद्याआड दडपला जाऊ नये, हे आम्हांसही मान्य आहे. पण त्याची वर्दी पोलिसांकडे गेली पाहिजे, नोकरभरतीच्या कचेरीकडे नव्हे. विद्यापीठास नोकराच्या वर्तनाविषयी शंका असेल तर त्याने ती नोकरालाच समोर बसवून विचारावी, आणि बिशपला त्यात साक्षीस ओढू नये.